गाडी भरेपर्यंत

दापोऱ्याच्या भाईदास मुकादमापुढं केळीचा घड आणून ठेवा. आधी तो घडाकडं बघणारच नाही, तंबाखू मळत राहील. मग दोन बोटांनी दांडा धरून घड एकदा फिरवेल आणि सांगेल, तिसऱ्या फणीला मार बसलाय, कापताना कुणी आपटला? घड हिरवागार, डाग शोधून सापडायचा नाही. पण तोच घड वखारीत पिकू द्या आणि मग बघा, बरोब्बर तिसरी फणी काळी पडलेली. केळ्याचं असंच असतं, मार आज बसतो आणि डाग पिकल्यावर दिसतो. तीस वर्षं हमालांची टोळी चालवून या माणसाच्या बोटांना ते आधीच कळायला लागलंय. बुरहानपूरचे व्यापारी त्याच्या शब्दावर गाडी पास करतात.

आता एवढी नजर असलेल्या माणसाला सख्ख्या भाचीचा पाय कळू नये, याला काय म्हणायचं? दापोऱ्यातले लोक नशीब म्हणतात, कारण त्यांना भाईदास आवडतो. भाईदास स्वतः त्याला मिजास म्हणतो, आणि खोटं कशाला बोला, त्याचंच बरोबर आहे.

ही मिजास आली कुठून ते सांगायला टोळीत जावं लागेल. घड कापले की ऊन चढायच्या आत गाडीत गेले पाहिजेत. खांद्यावर गोणपाटाची उशी टाकून हमाल एकामागं एक घड आणतात, वर उभा असलेला गडी ते केळीच्या पानांच्या थरात रचतो. मधलाच एखादा बसला की मागचा थांबतो, त्याच्या मागचाही थांबतो आणि माल उन्हात पडून राहतो. म्हणून या टोळीचा एकच कायदा, गाडी भरेपर्यंत बसायचं नाही. बसलाच कुणी, तर त्याची एक गंमत ठरलेली होती. मळ्यात एखाद्या घडाला वेळेआधी पिकलेलं पिवळं केळं सापडतंच. असलं केळं गाडीत चालत नाही, त्याच्या संगतीनं आजूबाजूचा हिरवा माल वाटेतच पिकतो. ते काढून बसलेल्याच्या हातात द्यायचं. बोलायचं काही नाही, नुसतं हसायचं. चांगले चांगले गडी ते पिवळं केळं बघून ताडकन उठायचे. भाईदासच्या हातात ते एकदाही आलं नव्हतं.

अठ्ठावीस वर्षांचा असताना चिखलात त्याचा पाय घसरला. खांद्यावर वीस-बावीस किलोचा घड, खाली गुडघा आतल्या आत फिरला. घड त्यानं पडू दिला नाही आणि स्वतः बसलाही नाही. उरलेली अर्धी गाडी त्याच पायावर भरली. संध्याकाळी गुडघा कलिंगडाएवढा झाला होता. ही गोष्ट दापोऱ्यात आजही सांगतात, लग्नात सांगतात, पोरांना सांगतात. त्याच महिन्यात जिल्ह्याच्या वजन उचलण्याच्या स्पर्धेत त्याचं नाव होतं आणि त्या गुडघ्यापायी तो जाऊ शकला नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. गुडघा पुढं कधी सरळ झालाच नाही. भाईदास अजूनही उजव्या अंगाला झुकून चालतो आणि कुणी विचारलं तर म्हणतो, गाडी तर भरली ना.

स्पर्धेची हौस अशी मेली नाही. ट्यूबवेलशेजारी त्यानं एक पत्र्याची शेड उभी केली. आत ट्रॅक्टरचा जुना टायर, वाळू भरलेले प्लास्टिकचे कॅन, दोरीच्या उड्यांसाठी दोर, लोखंडी बार. गावातली पाच-सात पोरंपोरी संध्याकाळी यायची आणि त्यात सगळ्यांना भारी होती हिमानी.

हिमानी त्याच्या धाकट्या बहिणीची, कुसुमची मुलगी. तिचे वडील कागदाच्या कारखान्यात, तिकडंच क्वार्टरवर राहायचे आणि सुट्टीला यायचे, म्हणून मायलेकी भाईदासच्याच अंगणात राहत होत्या. एकवीस वर्षांची पोरगी, बुरहानपूरला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. दोन हातांत दोन कॅन घेऊन शेडपासून विहिरीपर्यंत जायची ती पोरांना मागं टाकून. ऑक्टोबरात जिल्ह्याच्या फिटनेस स्पर्धेत पहिली आली आणि इंदूरच्या राज्य स्पर्धेसाठी निवडली गेली. पळणं, ओझं घेऊन चालणं, उड्या, टायर उलटवणं, सगळं एका दमात करायची ती स्पर्धा. जानेवारीचा दुसरा रविवार. हिमानीच्या मनात एकच होतं, इंदूरला पहिल्या तिनांत यायचं आणि मग स्वतःची मुलींची जिम काढायची. भाईदासच्या मनात काय होतं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण शेडच्या पत्र्यावर त्यानं खडूनं लिहून ठेवलं, ‘इंदूर’.

आणि मग सुटले दोघं. आधी ती आठवड्यातून तीन दिवस पळायची, ते सात दिवस झालं. चारचे आठ किलोमीटर पंधरा दिवसांत झाले, तेही डांबरी रस्त्यावर, तळ झिजलेल्या बुटांत. सुट्टीचा दिवस नाही. अंगावर चरबी दिसायला नको म्हणून पोरगी रात्रीची भाकरी सोडून काकडी खायला लागली. कुसुम म्हणायची, “भाऊ, पोरगी वाळत चालली.” भाईदास म्हणायचा, “कसते आहे ती, वाळत नाही.”

नोव्हेंबरच्या शेवटी हिमानी म्हणाली, “मामा, इथं थोडा पेन होतोय. पळायला लागलं की जातो, पण बाद में वापस येतो.” नडगीच्या आतल्या बाजूला तिनं बोट ठेवलं. भाईदासनं तेल कोमट केलं, अंगठ्यानं जोर लावून चोळलं आणि केळीचं पान शेकून वरून बांधलं. टोळीत सगळ्या दुखण्यांना हेच करतात. आठ दिवसांनी ती म्हणाली, आता पळतानाही जात नाही. त्यानं पुन्हा चोळलं. तिनं ओठ दाबून धरले होते, ते त्याला दिसलं. तरी तो म्हणाला, “अजून गाडी भरली नाही, बेटा.”

एके संध्याकाळी पळून आल्यावर ती टायरवर बसली आणि नडगी दोन्ही हातांनी धरून राहिली. अजून चार फेऱ्या बाकी होत्या. शेडमधली पोरं बघत होती. भाईदास सकाळी मळ्यातून आणलेलं एक पिवळं केळं पिशवीतून काढून तिच्यापाशी गेला आणि तिच्या हातात ठेवलं. सगळे हसले. हिमानीही हसली. मग उठली आणि चारही फेऱ्या पुऱ्या केल्या. भाईदासची छाती फुगली होती, हे त्यानं पुढं स्वतःच कबूल केलं. ते हसणं आठवलं की आता त्याला आपलंच तोंड फोडावंसं वाटतं.

बुरहानपूरच्या लोधीपुऱ्यात निरंजन नावाचा एक तरुण फिजिओथेरपिस्ट आहे. जिल्हा स्पर्धेच्या वेळी तो मैदानावर पट्ट्या घेऊन बसला होता आणि काही दुखलं तर या, असं त्यानं सगळ्या खेळाडूंना सांगितलं होतं. कॉलेज सुटल्यावर हिमानी त्याच्याकडं गेली. त्यानं नडगीवरून बोट फिरवत आणलं आणि एका ठिकाणी दाबलं तशी ती ओरडली. त्यानं बरंच काही विचारलं. शेवटी पळायचं सध्या बंद ठेव म्हणाला. ती म्हणाली, “सर, मामा म्हणतील तसं.” तेव्हा निरंजननं मामांचाच नंबर घेतला.

फोन आला तेव्हा भाईदास मळ्यात होता. निरंजन हळू बोलणारा माणूस. म्हणाला, “काका, स्नायू दुखला तर सगळा पट्टा दुखतो. हिला बोटाएवढ्याच जागेत हाडावर दुखतंय, बसल्यावरही दुखतंय. हाडाला बारीक चीर असावी. एक्स-रेत कदाचित दिसणार नाही, एमआरआय करा. पण तोवर पळणं आणि उड्या एकदम बंद. मालिश नको, शेक नको. सायकल चालवू दे, बसून हाताचा व्यायाम करू दे, दम टिकून राहील. रोज वाढवायचं नसतं काका. थोडं वाढवायचं, मग हाडाला सवय व्हायला वेळ द्यायचा, आठवड्याला एक दिवस तर पूर्ण सुट्टी. आणि तिला पोटभर जेवायला सांगा. आत्ता थांबवली तर दीड-दोन महिन्यांत मोकळी होईल.”

“दीड-दोन महिने? इंदूर तर महिन्यावर आलं.”

“इंदूर पुढच्या वर्षीही येईल.”

भाईदास बरं म्हणाला आणि फोन ठेवला. दिवसभर तो फोन त्याच्या डोक्यात होता. खोटं वाटला असता तर गोष्ट वेगळी. पण त्याला तो खरा वाटला होता, आणि म्हणूनच तो चिडला होता. त्याचंही नाव एकदा असंच राहून गेलं होतं.

संध्याकाळी हिमानीनं विचारलं, “निरंजनसरांचा फोन आला होता ना? काय म्हणाले?”

“काही नाही,” भाईदास म्हणाला. “नीट मालिश करा म्हणे. स्पर्धेपर्यंत निघून जाईल.”

हिमानीचा चेहरा उजळला. तिला तरी दुसरं काय ऐकायचं होतं? सर तर घाबरवतच होते, असं म्हणून ती बुटांच्या नाड्या बांधायला बसली.

स्पर्धा आठ दिवसांवर आली तेव्हा त्यांनी सगळा क्रम एकदा घड्याळ लावून करायचं ठरवलं. सकाळची वेळ, टोळीचे दोघं-तिघं बघायला आले होते, त्यात सुकलाल नावाचा हमालही होता. हिमानी पळून आली, उड्या झाल्या, टायर उलटवला आणि कॅन उचलून विहिरीकडं निघाली. निम्म्या वाटेवर आवाज झाला. सुकलाल सांगतो, वाळकी काटकी मोडावी तसा. कॅन आधी पडले, मग ती पडली. पाय जिथं वाकायला नको तिथं वाकला होता. भाईदास झुकत झुकत धावला आणि तिच्यापाशी बसला, आणि तिनं पहिलं काय म्हणावं, तर, “सॉरी मामा.”

तो शब्द त्याच्या कानातून अजून गेलेला नाही.

नडगीचं हाड आरपार गेलं होतं. ऑपरेशन झालं, हाडात सळई बसवली. निरंजन दवाखान्यात भेटायला आला. कुसुम तिथंच होती. तिला त्यानं हळूच पोरीच्या पाळीचं विचारलं. कुसुम म्हणाली, तीन महिने आली नव्हती, मला वाटलं पळण्यानं होत असेल. खाणं कमी आणि कष्ट जास्त झाले की असं होतं आणि हाड ठिसूळ पडतं, असं निरंजननं तिला समजावलं. कुसुम पदर तोंडाला लावून बाहेर गेली. मग निरंजननं भाईदासकडं पाहिलं. फोनचा विषय त्यानं काढला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भाईदासला वाटलं.

इंदूरचा रविवार आला आणि गेला. भाईदासनं शेडच्या पत्र्यावरचं अक्षर ओल्या फडक्यानं पुसलं, तरी पांढरा फराटा राहिलाच.

पुढचे महिने त्यानं जे केलं ते गावानं पाहिलंय. डॉक्टरांनी आठवड्याला पायावर किती भार द्यायचा ते लिहून दिलं होतं. पहिल्यांदा फक्त दहा किलो, मग पंधरा, मग वीस. आता पायावर दहाच किलो पडले हे घरात कळणार कसं? भाईदासनं मळ्यातला घड तोलायचा काटा अंगणात आणला. एका बाजूला तेवढ्याच उंचीची फळी ठेवली. चांगला पाय फळीवर, दुखरा काट्यावर, दोन्ही हात कुबड्यांवर, आणि समोर खाली बसून मामा आकडा वाचायचा. “सहा. आठ. नऊ. दहा, थांब.” ती थांबायची. “आता सोड.” रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी. ज्या तोंडातून तीस वर्षांत थांब हा शब्द निघाला नव्हता, त्या तोंडात आता दुसरा शब्द नव्हता.

निरंजन दर आठवड्याला यायचा. बोटं हलवणं, घोटा फिरवणं, पडल्या पडल्या मांडी घट्ट करणं, सगळं शिकवायचा. कुसुमनं भाकरी, डाळ, अंडी, दूध यांचा धडाका लावला. हिमानी कंटाळायची, चिडायची, एकदा कुबडी फेकून दिली. मामा ती उचलून आणायचा आणि पुन्हा काट्यापुढं बसायचा.

फेब्रुवारीच्या एका सकाळी काटा वीसच्या पुढं चालला होता. कुसुम आत होती. भाईदास आकड्यावरची नजर न काढता म्हणाला, “निरंजननं तेव्हा फोनवर थांबवा म्हणून सांगितलं होतं. हाडाला चीर असेल म्हणाला होता. मालिशचं मीच मनचं सांगितलं तुले.”

हिमानीनं काट्यावरचा पाय तसाच ठेवला. काटा हलत नव्हता.

“किती झाले, मामा?”

“बावीस.”

“आज पंचवीस आहेत ना,” ती म्हणाली आणि तिनं आणखी तीन किलो भार दिला. मग पाय काढला, कुबड्या घेतल्या आणि आत गेली. पुन्हा तो विषय तिनं कधी काढला नाही. मामाशी नीट बोलायची, चहा द्यायची, राखी पौर्णिमेला आईबरोबर बसून हसलीसुद्धा. भाईदासला वाटलं, पोरीनं माफ केलं. माणसाला वाटून घ्यायला काय लागतं?

पाय जुळला, छान जुळला. उन्हाळ्यात ती कुबडीशिवाय चालायला लागली, पावसाळा लागता लागता एक मिनिट पळायचं आणि दोन मिनिटं चालायचं असं सुरू केलं, आणि ऑक्टोबरात जिल्ह्याला पुन्हा उतरून दुसरी आली, इंदूरसाठी पुन्हा नाव लागलं. आता तिचा सराव बुरहानपूरला, निरंजनच्या सल्ल्यानं चालायचा. मामाच्या शेडमध्ये ती फक्त रविवारी कॅन उचलायला यायची. शेडचे नियम भाईदासनं बदलले होते. एक दिवस सक्तीची सुट्टी, बूट झिजले की बदलायचे, आणि दुखलं तर लगेच सांगायचं, सांगणाऱ्याला कुणी हसायचं नाही. पिवळं केळं शेडमध्ये पुन्हा आलं नाही. टोळीत ती गंमत चालूच राहिली, टोळी काही त्याच्या एकट्याची नव्हती.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी बुरहानपूरला जाताना हिमानी मळ्याच्या बांधावर मामाचा डबा द्यायला थांबली. गाडी भरणं चालू होतं. ती स्कूटीवरून उतरली आणि भाईदासला दिसलं. उजवा, सळई घातलेला पाय तिनं आधी टेकवला, हलकेच, आणि अंगाचा भार त्यावर एकदम टाकला नाही. एवढंच. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. भाईदास गाडी सोडून बांधाशी आला.

“पाय दुखतोय का गं?”

“नाही मामा.”

“हिमानी, खरं सांग. मी रागावणार नाही. दुखतंय?”

“काही नाही,” ती हसून म्हणाली. “डबा खाऊन घ्या वेळेवर. उशीर होतोय मला.”

स्कूटी निघून गेली. काही नाही, तेच त्याचे शब्द. त्यानं खिशातून फोन काढला. नंबर दोनदा चुकला. निरंजननं उचलल्या उचलल्या भाईदास म्हणाला, “हिमानीचा पाय पुन्हा दुखतोय. ती सांगत नाही. तू बघ, बाबा. थांबव तिला. इंदूर गेलं खड्ड्यात.”

“काका, काका, शांत व्हा,” निरंजन म्हणाला. “मला माहीत आहे. पोटरी थोडी धरली आहे, हाड एकदम ठीक आहे, तपासलंय. पंधरा दिवसांपूर्वी दुखलं त्याच दिवशी आली होती ती माझ्याकडं. तेव्हापासून पळणं बंदच आहे तिचं, सायकल चालू आहे. मोठी शहाणी झाली आहे. रोज संध्याकाळी फोन करून सांगते, आज किती दुखलं, कुठं दुखलं.” मग त्यानं विचारलं, “तुम्हाला बोलली नाही का?”

“बोलली ना,” भाईदास म्हणाला. “बोलली असेल. माझ्याच ध्यानात राहिलं नाही.”

फोन खिशात घालून तो ओळीकडं वळला. गाडी अर्धी भरली होती. पोरीचा पाय सुखरूप होता, तिनं वेळेवर सांगितलं होतं, ज्याला सांगायचं त्याला सांगितलं होतं. याहून जास्त त्यानं देवाजवळ काय मागितलं असतं? तरी तो गाडीपर्यंत गेला नाही. केळीच्या पानांचा ढीग पडला होता, त्यावर तो खाली बसला.

ओळ थांबली. गाडी भरताना मुकादम बसलेला टोळीतल्या कुणीच पाहिला नव्हता. सुकलालला वाटलं, मुकादम आज गंमत करतोय. त्यानं पुढ्यातल्या घडाचं एक पिवळं केळं तोडलं, हसत हसत आला आणि भाईदासच्या हातात ठेवलं. सगळे हसले. मग त्यांना त्याचं तोंड दिसलं आणि एकेक जण गप्प झाला.

भाईदास उठला नाही. केळं हातात धरून हिमानी गेली त्या रस्त्याकडं बघत राहिला. थोड्या वेळानं सुकलालनं खांद्यावरची उशी सारखी केली आणि पुढचा घड उचलला. त्या दिवशी गाडी मुकादमाशिवाय भरली.